‘म्हणे’ होतं तेव्हा

फळ्यावर सरांनी वाक्य लिहिलं होतं : ‘दे से दॅट अश्वत्थामा लिव्ज इन द सातपुडा हिल्स.’

साल 1976. नववीचा वर्ग. अमळनेरपासून काही कोसांवर, बोरी नदीच्या काठी आमचं गाव. शाळेला कौलारू छप्पर, वर्गात शहाबादी फरशी, आणि उन्हाळ्यात ती फरशीसुद्धा तापायची. इंग्रजी आम्हांला पाचवीपासून होतं, पण वाक्य वाचताना बहुतेकांची नजर आधी वहीतल्या देवनागरी उच्चारांकडे जायची. शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात उच्चार लिहून ठेवायची आमची पद्धत होती. घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची. बहुधा काकाची किंवा मोठ्या भावाची, पहिली चार पानं सुटलेली. सरांकडे मात्र रेन आणि मार्टिनचं लाल पुठ्ठ्याचं व्याकरण होतं. ते त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणायचे.

सरांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला भाषांतर विचारलं. तो म्हणाला, “ते म्हणतात, की अश्वत्थामा सातपुड्यात राहतो.” मुली खुदकन हसल्या. कारण आमच्या घरांत ‘ते म्हणतात’ असं आई बोलली, की ‘ते’ म्हणजे वडील. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ‘ते’. सर हसले नाहीत. म्हणाले, “बरोबर हसलात. मराठीतल्या ‘ते’ला घर असतं, माणूस असतो. इंग्रजीतला हा ‘दे’ बेघर आहे. तो कोणीच नाही आणि सगळेच आहे. त्याचं मराठी करायचं तर सर्वनाम खोडून टाका. नुसतं ‘म्हणतात’.”

मग त्यांनी त्याच वाक्याचा कर्मणी प्रयोग करायला सांगितला. आम्ही लिहिलं, ‘इट इज सेड बाय देम दॅट...’ सरांनी ‘बाय देम’वर लाल रेघ मारली. सगळ्यांच्या वह्यांत मारली. म्हणाले, “जे कोण आहेत तेच ठाऊक नाही, त्यांना साक्षीला कशाला बोलावता? बाय देम लिहायचं नाही. आणि पेपरात दोन रीतींनी येईल, दोन्ही पाठ हव्यात. एक, ‘इट इज सेड दॅट अश्वत्थामा लिव्ज’. दुसरी, ‘अश्वत्थामा इज सेड टू लिव्ह’. गोष्ट जुनी असेल तर ‘टू हॅव लिव्ड’.”

ती लाल रेघ माझ्या मनात पक्की बसली. पुढे मी स्वतः तीस वर्षं जळगावात इंग्रजी शिकवलं आणि तेवढ्याच रेघा मारल्या. पण त्या रेघेचा खरा अर्थ मला त्याच दिवशी संध्याकाळी घराच्या ओट्यावर कळला होता.

माझी आजी, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो, ओट्यावर बसून गहू निवडत होती. तिला शाळा ठाऊक नव्हती. अहिराणीशिवाय दुसरी भाषा तिने कधी बोलली नाही. अश्वत्थाम्याची गोष्ट मात्र तिचीच. तोरणमाळाकडे आणि तिकडे अशीरगडाच्या बाजूला तो अजून हिंडतो म्हणे, कपाळावरची जखम भळभळते म्हणे, दारोदार तेल मागतो म्हणे. लहानपणी आम्ही ती ऐकताना दाराकडे बघायचो. त्या दिवशी मात्र मी नव्या शिकवणीच्या जोरावर तिला विचारलं, “पण कोन म्हनस?”

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “मी देखं नही,” ती म्हणाली. “मन्ही माय सांगे. तिले तिन्ही माय सांगे.”

एवढंच. पण माझ्या लक्षात आलं, की मोठी माय हे नेहमीच असं बोलते. तिने स्वतः पाहिलेल्या गोष्टीला ती कधी ‘म्हने’ लावत नसे. नदीला पाणी तिच्या डोळ्यांदेखत आलं असेल तर ‘पाणी आलं’, आणि वरच्या गावचा कोणी सांगून गेला असेल तर ‘पाणी आलं म्हने’. गावात लग्न ठरलं, गाय व्याली, कोणाच्या घरी वाटणी झाली, प्रत्येक बातमी ती पारखून घ्यायची आणि जिथे हवं तिथे तो दोन अक्षरांचा शब्द ठेवायची. सोनार जसा दागिन्यावर कस सांगतो, तसा ती बातमीवर कस सांगायची. त्यासाठी तिला व्याकरण लागलं नाही. तिच्या बोलीतच ते होतं.

पुढे शिकताना मला कळलं, की जगातल्या कितीतरी भाषांनी ही पारख आपल्या क्रियापदातच ओवून घेतली आहे. तुर्कीत ‘गेल्दी’ म्हटलं तर तो आला. ‘गेल्मिश’ म्हटलं तर तो आला म्हणे. शेवटचा प्रत्यय बदलला, की बोलणाऱ्याने पाहिलं की ऐकलं ते उघड होतं. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत पाहिलेल्याला एक प्रत्यय आणि ऐकलेल्याला दुसरा. इंग्रजीत तसा प्रत्यय नाही, म्हणून तिला ‘दे से’, ‘पीपल से’, ‘वन हिअर्स’, ‘इट इज सेड’ अशी माणसं उभी करावी लागतात. त्यातला ‘इट’ तर पुरता रिकामा. ‘इट इज रेनिंग’मध्ये जो पाऊस पाडतो तोच हा. आपण ‘पाऊस पडतोय’ म्हणून मोकळे होतो, आपल्याला असा पोकळ कर्ता लागत नाही. आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदाचं जुनं रूप, झिजून गुळगुळीत झालेलं. त्याला लिंग नाही, वचन नाही. इंग्रजी आपली सूचना वाक्याच्या दारातच देते. आपला ‘म्हणे’ बहुतेक वेळा शेवटी येतो, घरातून निघताना कोणी हळूच सांगावं तसा : हे सगळं ऐकलेलं आहे हं, मी पाहिलेलं नाही.

मराठीची ही शब्दसंपत्ती तेव्हा रोजच्या वापरात होती. साधी ऐकीव गोष्ट असेल तर ‘ऐकिवात आहे’. गावभर झालेली असेल तर ‘बोलवा आहे’. पिढ्यांची असेल तर ‘दंतकथा’. मुद्दाम उठवलेली असेल तर ‘आवई’. कोणी खोडसाळपणे पेरली असेल तर ‘कंडी पिकवली’. एका कानातून दुसऱ्या कानात गेली असेल तर ‘कर्णोपकर्णी’. वर्तमानपत्रांचीही आपली भाषा होती : ‘असे समजते’, ‘असे कळते’, ‘या वृत्तास दुजोरा मिळू शकला नाही’. आमचे आबा, म्हणजे आजोबा, ग्रामपंचायतीत येणारं वर्तमानपत्र दुपारी वाचायचे आणि ‘समजते’ आलं, की तर्जनी त्या शब्दावर ठेवून थांबायचे. “हे पक्कं नाही,” असं ऐकणाऱ्यांना सांगायचे आणि मग पुढे वाचायचे. कान कसा द्यावा हे आम्ही त्या बोटाकडे बघून शिकलो.

पण त्या काळाला मी नुसतं गोड करून सांगणार नाही. त्या 1976 सालीच देशात आणीबाणी होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, म्हणून खऱ्या बातम्यासुद्धा ‘म्हणे’च्या आधारानेच गावात पोचायच्या. चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीने आलेला कोणी पाहुणा रात्री ओसरीवर खालच्या आवाजात सांगायचा : अमक्यांना धरून नेलं म्हणे, तमके भूमिगत आहेत म्हणे. तिथे ‘म्हणे’ अज्ञानातून आलेला नव्हता. सांगणाऱ्याला चांगलं ठाऊक असायचं. तो सांगणाऱ्याच्याही आधीच्या माणसाला वाचवत होता. तेव्हा मला उमगलं, की बोलणाऱ्याचं नाव गाळायची कारणं अनेक असतात. कधी ते माहीत नसतं. कधी सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून सांगायची गरज नसते. कधी सांगितलं तर कोणाच्या तरी अंगावर बेततं. व्याकरणाचं पुस्तक या तिन्हींना एकच नियम लावतं. पण ओसरीवरचा माणूस स्वरावरून त्यातला फरक ओळखायचा.

आणि एक चौथं कारण होतं, ते आम्हां मुलींच्या वाट्याला येई. ‘लोकं काय म्हणतील?’

मॅट्रिक झाल्यावर मला जळगावला मूळजी जेठा महाविद्यालयात जायचं होतं. आमच्या घरातून कोणी मुलगी बाहेरगावी राहून शिकली नव्हती. काकांनी विरोध केला. स्वतःचं मत म्हणून त्यांनी तो एकदाही मांडला नाही. “लोकं काय म्हणतील,” एवढंच पुन्हा पुन्हा. खरं तर मनात असलेलं ‘मी म्हणतो’ हे त्यांना उघड बोलवत नव्हतं, म्हणून ‘लोकं’ पुढे केली होती. आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले होते. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “कोनता लोके? नावे सांग.”

काकांना एकही नाव सांगता आलं नाही. त्या शांततेत माझं कॉलेज ठरलं. सरांनी ‘बाय देम’वर मारलेली रेघ आणि आबांचा प्रश्न हे एकाच गोष्टीचे दोन हात आहेत, असं मला आजही वाटतं. ज्याचं नाव नाही, त्याला साक्ष देऊ नका. आणि कोणी त्याच्या आडून बोलत असेल, तर त्याला पुढे बोलवा.

त्या काळी आमचं महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी जोडलेलं होतं. जळगावचं विद्यापीठ पुढे 1990 साली आलं. खान्देशातल्या ज्या थोर माणसांचं नाव आम्ही आदराने घेत होतो, त्यांच्याविषयी वाचायला मिळालं ते कॉलेजात. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की आमच्या या मुलखाने ‘कोण म्हणालं’ हे जपून ठेवण्याची केवढी मोठी कामं केली आहेत.

धुळ्याचा तुरुंग घ्या. 1932 साली तिथे विनोबा होते आणि साने गुरुजीही होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. गुरुजी समोर बसून ती लिहून घेत होते. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. जे गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, जे छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढायचे, त्यांनी तुरुंगात आपली सगळी प्रतिभा बाजूला ठेवली आणि दुसऱ्याचा शब्द तसाच्या तसा पोचवायचं काम केलं. दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण केवढं बाजूला व्हायचं असतं, याचा याहून मोठा धडा मला कुठल्या व्याकरणात सापडला नाही.

आसोद्याच्या बहिणाबाईंचंही तसंच. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरकाम करताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत आणि गात. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी त्या टिपून ठेवल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. ती रचना ‘लोकगीत’ म्हणून सहज खपून गेली असती. जात्यावरच्या हजारो ओव्यांना आज कोणाचंच नाव नाही, त्यांच्यामागे ‘बायका म्हणतात’ एवढंच उरलं. बहिणाबाईंच्या ओवीमागे मात्र नाव उरलं, कारण घरातल्या दोघांनी वेळेवर वही उघडली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आणि धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाडे. गावोगाव पायी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं सोडवून, त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. घराण्याघराण्यांतून ‘आमचे पूर्वज असे होते म्हणे’ हे त्यांनी ऐकलं असणारच. पण त्यांनी कागद मागितला. तारीख मागितली. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मी मुलांची सहल तिथे नेली, तेव्हा कपाटांतली पिवळी पानं दाखवून मुलांना सांगितलं होतं, की ‘इट इज सेड’पासून ‘इट इज रिटन’पर्यंतचं अंतर या माणसाने पायांनी कापलं.

माझ्या शिकवण्याच्या काळात अजून वाफाळतं ताजं ‘म्हणे’ एकदा आलं. 21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितो म्हणे! सकाळी फोन खणखणू लागले, एसटीडी बूथवर रांगा लागल्या, जळगावातल्या देवळांपुढे बाया दुधाचे पेले घेऊन उभ्या राहिल्या. माझी शेजारीण जाऊन आली आणि म्हणाली, “मी स्वतः पाहिलं हो, चमच्यातलं दूध गेलं.” तिच्या वाक्यात आता ‘म्हणे’ नव्हतं, आणि ती खोटं बोलत नव्हती. दूध खरंच चमच्यातून सरकत होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात पाटा-वरवंटा आणवला. दुधाने भरलेला चमचा वरवंट्याच्या ओल्या कडेला हलकेच टेकवला. दूध ओढलं गेलं आणि पातळ धारेनं दगडावरून खाली उतरलं. पृष्ठताण, केशाकर्षण हे शब्द मुलांना त्या दिवशी पुस्तकाबाहेर भेटले. ‘म्हणे’ म्हणून आलेली गोष्ट स्वतः करून पाहता येते आणि पाहिलेल्या गोष्टीचंही कारण विचारावं लागतं, हे दोन्ही एका तासात झालं. जुन्या काळी अफवा नव्हत्या असं नाही. पण अफवा चालत यायची. तिच्यापाठोपाठ कोणीतरी वरवंटा घेऊन पोचू शकत होतं.

आता मी निवृत्त आहे. गेल्या उन्हाळ्यात भाचीकडे धुळ्याला गेले होते. सकाळी चहाच्या वेळी ती मोबाइल पुढे करत म्हणाली, “मावशी, हे बघ काय आलंय.” कुठल्याशा औषधाविषयी काहीतरी होतं. मी विचारलं, “कोण म्हणतं?” ती गोंधळली. “म्हणजे... ग्रुपवर आलंय.”

मी त्या शब्दापाशी अडकले. ‘आलंय’. पुढचे आठ दिवस मी तो कानात तेल घालून ऐकला. भाजीवाल्याकडे, बसमध्ये, दवाखान्यात, नात्यातल्या लग्नात. ‘उद्यापासून बँका बंद आहेत, आलंय.’ ‘हळद दुधात घेऊ नका, आलंय ना.’ ‘व्हायरल झालंय.’ जिथे पूर्वी ‘म्हणे’ बसायचं, नेमक्या त्या जागी आता ‘आलंय’ बसलं आहे. आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘म्हणे’ म्हणजे कोणाचं तरी तोंड होतं, अनोळखी का होईना, पण माणसाचं. ‘म्हणतात’मध्ये सर्वनाम गाळलं तरी बहुवचन उरतं, म्हणजे माणसं उरतात. ‘आलंय’मध्ये कोणीच नाही. पाऊस आला, वारा आला, तसा निरोप आला. आणि त्याहून मोठी गोष्ट, ‘म्हणे’ बोलणारा आपली कबुली देत होता, की मी पाहिलेलं नाही. ‘आलंय’ म्हणणाऱ्याला कसलीच कबुली द्यावी लागत नाही. तो निव्वळ पोस्टमन होतो. आणि पत्रात काय आहे याची जबाबदारी पोस्टमनवर नसते, असं त्याला मनापासून वाटतं.

हा केवळ भाषेचा प्रश्न असता तर मी एवढं कळवळून लिहिलं नसतं. पण आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा आहे.

1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना त्याच टोळीतले समजून ठार मारलं. मुलं पळवणारं त्यांच्यात कोणीही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून, लोकांच्या दारात उभं राहून जगणारी ती माणसं. त्यांना आपल्या ओट्यावर बसवून भाकरी देणारी गावं आमच्या खान्देशात मी लहानपणी पाहिली आहेत. गोसावी दारात आला, की मोठी माय आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, “कोनतं गाव?”

ती बातमी वाचली त्या दिवशी मी रात्रभर जागी होते. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. पाच जण एक गोष्ट बोलले तर ती खरी मानावी, असं त्यात आहे. पण ते पाच जण समोर बसलेले असावे लागतात. एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत, नावं माहीत हवीत, उद्या विचारता यायला हवं. पाच हजार मोबाइलमधून एकच वाक्य उमटलं, तरी ते एकच तोंड असतं, आणि तेही कोणाचं ते कळत नाही.

त्याच महिन्यात, 10 जुलैला, व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली. मग भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या खुणेकडे मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी मोठी कंपनी, एवढी यंत्रं, आणि शेवटी त्यांना जे शोधून काढावं लागलं, ते मोठ्या मायचं ‘म्हने’च होतं. हे मी पाहिलेलं नाही, मी फक्त पुढे देतो आहे. तिने हे यंत्राशिवाय, प्रत्येक वाक्यात, आयुष्यभर केलं. आणि आमच्याकडून ते सुटलं, म्हणून त्या राखाडी खुणेची गरज पडली. दुर्दैव असं, की मोठ्या मायच्या ‘म्हने’कडे ऐकणारे कान द्यायचे, त्या खुणेकडे कोणी बघत नाही.

आजचा काळ वाईटच आहे, असं म्हणून मी हे संपवणार नाही. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. माझ्या वेळची मुलं ज्या ‘इट’ला बिचकायची, तो आजच्या मुलांच्या जिभेवर सहज खेळतो. भाचीची मुलगी दहावीला आहे. तिच्या कृतिपत्रिकेत अजूनही डायरेक्टचं इन्डायरेक्ट करायला येतं, हे पाहून मला बरं वाटलं. त्या औषधाच्या निरोपावर आम्ही दोघी मिळून बसलो. तिने दोन मिनिटांत शोधलं, की तेच वाक्य वेगवेगळ्या गावांच्या आणि वेगवेगळ्या डॉक्टरांच्या नावाने फिरतं आहे. मला हे सगळं करायला धुळ्याच्या वाचनालयात आठवडा लागला असता. ती आईला म्हणाली, “मम्मी, हे पुढे पाठवू नको. कोणी म्हटलंय तेच सापडत नाही.”

मला तिच्या तोंडून आबा ऐकू आले. कोनता लोके? नावे सांग.

संध्याकाळी तिचा गृहपाठ घेताना मी तिला इन्डायरेक्टचे नियम पुन्हा सांगितले. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगताना इंग्रजीत सगळं एक पाऊल मागे जातं. ‘नाऊ’चं ‘देन’ होतं, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’. ‘आय अ‍ॅम’चं ‘शी वॉज’. सांगता सांगता मी थांबले. अशी पिढ्यांची आठवण काढणारं सगळं लिखाण याच नियमाने चालतं; आत्ताचं तेव्हा होतं, इथलं तिथलं होतं. मग मी तिला मराठी वाक्य दिलं : मोठी माय म्हणाली, की मी देखं नही. याचं इन्डायरेक्ट मराठीत काय होतं?

तिने विचार केला आणि म्हणाली, “काहीच नाही बदलत, आजी. तेच राहतं.”

खरंच, आपल्या भाषेत ते तसंच राहतं. ‘म्हणाली’ भूतकाळात जातं. पण ती जे म्हणाली, त्यातला ‘मी’ तिचाच राहतो, तिच्याच बोलीत. मोठी माय जाऊन आता चाळीस वर्षं होत आली. तिचं वाक्य मी सांगितलं, तर त्यात ती अजून ओट्यावर बसलेली असते, मांडीवर सूप, आणि प्रत्येक दाण्याकडे बघून बाजूला काढलेला खडा. मुलीने वही मिटली. मग सहज म्हणाली, “अश्वत्थाम्याचं पुढे काय झालं म्हणे?”

मी तिला सगळी गोष्ट सांगितली, आणि शेवटी हेही सांगितलं : मी पाहिलेलं नाही. माझी आजी सांगायची. तिला तिची माय सांगायची.